बंद खोलीतला पिठ्या

नरहरी सावे आणि मी एकाच बॉयलरवर होतो. बोईसरच्या एमआयडीसीतला रंगाचा कारखाना. त्याची पाळी संपली की बहुतेक वेळा माझी सुरू व्हायची. माणूस मूळचा चिंचणीचा, बोलायला कमी. मूलबाळ नव्हतं. बायको सुलू संधिवाताने अंथरुणाला खिळली ती चार वर्षं उठलीच नाही. नरहरी कामावर गेला की भाड्याच्या खोलीत तिला सोबत कोण? म्हणून त्याने गावाहून कुत्र्याचं पिल्लू आणलं. अंगावर पीठ सांडल्यासारखा रंग, म्हणून सुलूवहिनींनी नाव ठेवलं पिठ्या. दिवसभर तो त्यांच्या खाटेखाली पडलेला असे.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या. दिवसकार्य आटोपून नरहरी कामावर आला, आणि पिठ्या जन्मात पहिल्यांदा घरात एकटा राहिला. ही गोष्ट मला आज कळते. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं, की कुत्रं बिघडलं.

पहिल्या दिवशी त्याने चपला फाडल्या. दुसऱ्या दिवशी गादी उसवून कापूस खोलीभर केला. मग वहिनींचं एक लुगडं, आणि आठवड्याभरात दरवाजाची खालची फळी. नरहरी घरी आला की खोली बघायचा आणि कमरेचा पट्टा काढायचा. शेवटी शेजारच्या जमुनाबाईंनी त्याचा हात धरला.

"भाऊ, मारता कशाला? तुमी कोपऱ्यावर वळलात की ते रडायला लागते. तास-तास रडते. मग दाराला तोंड लावते. मस्ती नाय ती."

नरहरीने पिठ्याला बाहेर मोकळं ठेवून पाहिलं. तो शिफ्टच्या बसमागे धावत सुटला आणि नाक्यावर ट्रकखाली येता येता वाचला. मग खिडकीच्या गजाला साखळीने बांधला. संध्याकाळी नरहरीने दार उघडलं तर फरशीवर रक्त. साखळी चावून चावून पिठ्याचे पुढचे दोन दात तुटले होते. त्याच तोंडाने तो नरहरीचे हात चाटत होता.

खोलीमालक बळवंत पाटील दार बघायला आला. "सावे, दरवाजा मी नवा बसवतो. पण कुत्रा राहिला तर तुमी नाय राहायचं."

रविवारी नरहरी त्याला पालघरला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी तोंड तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात आधी कोण असायचं?"

नरहरीने सांगितलं.

"मग हा रागावलेला नाही, घाबरलाय. त्या बाई गेल्या त्या परत आल्या नाहीत. तुम्ही गेलात की त्याला वाटतं, तुम्हीही गेलात. मारू नका. थोडं थोडं सोडून जायची सवय लावा. आधी पाच मिनिटं, मग दहा."



पुढे दर सुट्टीला तो दार लावून बाहेर पडायचा, नळापर्यंत जायचा, परत यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. चाळीतले लोक हसायचे. त्याला फिकीर नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं, की आपली रात्रपाळी असली की पिठ्या झोपून राहतो. कारखान्यात तिसरी पाळी कोणालाच नको असते. याने सुपरवायझरला विनवून ती कायमची मागून घेतली. रात्री कामावर, सकाळी साडेसातला घरी, दिवसभर दोघं एकत्र. फेब्रुवारी ते मे, त्या घरात एक चिंधी फाटली नाही. बळवंतही गप्प बसला.

मे महिन्यात पत्र्याखाली उकाडा फार. पिठ्याला त्रास नको म्हणून नरहरी टेबलफॅन चालू ठेवून जायचा.

नरहरीला सकाळी सातला पाळीवरून सोडवायचं काम माझं होतं. मेच्या अखेरीस एके दिवशी मी गेलो नाही. आदल्या दिवशी मुरबे गावात मेव्हणीची हळद होती. तिथे प्यालो, पडलो, आणि जाग आली तेव्हा दहा वाजून गेले होते. आता जाऊन काय करायचं, असं म्हणून पुन्हा आडवा झालो. असे खाडे सगळेच करायचे. बदली माणूस आल्याशिवाय पेटता बॉयलर सोडता येत नाही, म्हणून नरहरी माझी पाळीही करत उभा राहिला.

जमुनाबाईंनी नंतर सांगितलं, आठपर्यंत पिठ्या दाराशी नुसता बसून होता. मग रडायला लागला. मग कुरतडण्याचा आवाज. साडेअकराच्या सुमारास एकदम शांत झालं. "आमाला वाटलं, झोपला एकदाचा. बरं वाटलं ओ आमाला."

तीन वाजता सुटून नरहरी घरी आला. पंखा बंद होता. त्याची वायर मधोमध चावून तुटलेली, आणि पिठ्या तिच्याशेजारी आडवा, जबडा आवळलेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "नरहरीभाऊ, माझ्यामुळे झालं."

तो बॉयलरच्या प्रेशर गेजकडे बघत म्हणाला, "मी सात वाजल्यापासून घड्याळ बघत होतो रे. मला ठाऊक हाय तो कसा बसला असंल. पण आग टाकून कसा जाऊ?"

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी खाडा केला नाही. त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

दोन महिन्यांत त्याने खोली सोडली आणि उमरोळीला दमयंतीकडे, बहिणीकडे, राहायला गेला. तिथून गाडीने कामावर यायचा. एकदा स्टेशनवर भेटला तेव्हा मी धीर करून म्हणालो, आमच्या आळीत कुत्री व्याली आहे, एक पिल्लू आणून देतो.

"नको."

मग आपणच बोलला. "रामनाथ, मी पट्टा उगारला ना, की तो पळून माझ्याच पायांत शिरायचा. लपायला त्याला दुसरी जागा नव्हती. आन् मी तिथंच हाणायचो."

गाडी आली. तो चढला, आणि आत जागा असूनही दारात माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.