नेल्फाचा झटपट केक

नेल्फाला विचारा, "कशी आहेस गं?" ती म्हणणार, "आहे." बस्स, तेवढंच. पूर्वी ही बाई अशी नव्हती हो. हारो गावच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात होती तेव्हा गिऱ्हाइकं खोकल्याची बाटली घेऊन झाल्यावरही रेंगाळायची, कारण बाटलीबरोबर थोडी थट्टामस्करी फुकट मिळायची. मग एका दुपारी सासूनं गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं आणि ती बाजाराला निघून गेली. भिंत काळी झाली, पडदा जळाला, घर थोडक्यात वाचलं. नेल्फानं दुकान सोडलं. नवरा रोदेल जहाजावर, मूलबाळ नाही, मग घरी राहणार कोण? तिला कोणी "राहा" म्हटलं नाही, आणि "राहशील का" असं विचारलंही नाही. जो हाताशी असतो त्याच्याच गळ्यात पडतं सगळं.

सासू म्हणजे नानाय पासिंग; नानाय म्हणजे आई. शाळेच्या फाटकाबाहेर सकाळची न्याहारी विकून तिनं दोन पोरं वाढवलेली. आता तिची कवळी तांदळाच्या डब्यात सापडायची आणि तांदूळ कपड्यांच्या कपाटात. अंधार असतानाच उठून "पोरं शाळेत पोचली, उशीर झाला" म्हणत ती बाहेरचं दार हलवत बसायची. नेल्फा दाराची किल्ली कमरेला बांधून झोपायची. झोपायची कसली, नुसती आडवी व्हायची. सलग झोप कशी असते ते ती विसरूनच गेली होती.

आणि अशात तिला कळलं, की डोंगराकडच्या नन्सच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झालीय. स्वच्छ जागा, मायाळू बायका, अंगणात आंब्याची झाडं. रोदेलनं फोनवर हात झटकले. "मानांग म्हणेल तसं," म्हणाला. मानांग म्हणजे थोरली बहीण, अर्लीन. ती कॅनडात परक्यांची म्हातारी माणसं सांभाळायची. तिच्याच कमाईवर रोदेल शिकला आणि हे घर उभं राहिलं, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा. आईच्या वाढदिवसाला येते, डोळ्यांनी बघते आणि मग सांगते, असं ती म्हणाली होती. जागेचं उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं. नेल्फा चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणायची, "देवा, मानांगच्या तोंडून हो येऊ दे," आणि उठता उठता असलं मागणं मागितल्याबद्दल क्षमाही मागायची.

अर्लीन आली. आणि नानायनं काय करावं? शहाण्यासारखी वागायला लागली! केस विंचरून, पावडर लावून खुर्चीत बसली. पाहुण्यांना "जेवलात का?" विचारू लागली. जुन्या पाद्रीबाबांची नक्कल केली, सगळे हसले. अर्लीन जवळ बसली तर तिचा गाल कुरवाळून म्हणाली, "इंदाय, किती वाळलीस गं."

अर्लीनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ऐकलंस नेल्फा? अजून मला इंदाय म्हणते. लहानपणी म्हणायची तसंच."

नेल्फानं जीभ आवरली. नानाय मासळीवालीला इंदाय म्हणायची, टीव्हीवर बातम्या सांगणारीला इंदाय म्हणायची, नेल्फाला तर दिवसभर इंदायच. इंदाय म्हणजे पोरगी, त्या शब्दात सगळ्या पोरी येतात, नाव आठवावंच लागत नाही. पण हे बोलायचं कोणत्या तोंडानं?

"मानांग, रोज अशी नसते हो ती," नेल्फा एवढंच म्हणाली.

"अगं, म्हातारपणी थोडं विसरायला होतंच. मी तिकडे काय काय बघते! त्यांच्यापुढे आपली नानाय म्हणजे सोनं आहे. आणि आपल्या माणसाला असं बाहेर टाकायचं म्हणजे..." अर्लीननं वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती, ते नेल्फाला जिथं लागायचं तिथं लागलं.

वाढदिवसाच्या सकाळी बेकरीतून केक आला. नेल्फा मागं कपडे वाळत घालत होती. पाण्याचं मीटर बघायला एक माणूस आला, आणि नानायनं खोक्यासकट अख्खा केक त्याच्या हातात दिला. नेल्फा धावत फाटकाशी पोचेपर्यंत त्याची मोटारसायकल वळणाआड गेलेली.

अर्लीनला सांगितलं तर ती खो-खो हसली. "नानायचा हात पहिल्यापासून मोकळाच! दारात आलेल्याला उपाशी पाठवलं नाही तिनं कधी."

"मानांग, तिला कळलंच नाही की तो तिचा..."

"जाऊ दे गं. केकचं काय एवढं! मी जरा चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते." आणि ती निघाली.

केकचं काय एवढं! दुपारी शेजारपाजारचे येणार. आयुष्य लांबावं म्हणून वाढदिवसाला करतात त्या लांब शेवया करून झाल्या होत्या, पण केकशिवाय वाढदिवस म्हणजे देवाशिवाय देऊळ. परत बेकरीत जायचं तर नानायला सोडून जाता येत नव्हतं. नेल्फाला दुकानातल्या एका मैत्रिणीनं झटपट केक शिकवला होता, भात करायच्या प्लास्टिकच्या भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये. त्या आगीनंतर गॅसला कुलूप होतं आणि घरात भात असाच व्हायचा. हे झाकणाचं भांडं अर्लीननंच एका खोक्यातून पाठवलेलं. आणि खरं सांगायचं तर घरातलं तेवढंच एक काम नानायला अजून बिनचूक यायचं. तांदूळ धुवायचे, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत पाणी घालायचं, झाकणाच्या कड्या लावायच्या, मोठं बटण दाबायचं. बोट विसरलं नव्हतं काही.

नेल्फानं भांडं घेतलं. कोकोच्या गोल वड्या किसून त्यात टाकल्या, साखर घातली, दूध घातलं आणि थोडं गरम करून ढवळलं. घर कसं दरवळलं! मैद्यात बेकिंग पावडर चाळून ठेवली. अंडी घ्यायला फ्रीज उघडला तर एकही अंडं नाही. शोधाशोध केल्यावर ती चहाच्या विजेच्या किटलीत सापडली, टणक उकडलेली.

"नानाय, ही अंडी?"

"उपासाची आहेत," नानाय गंभीरपणे म्हणाली. आता या बोलण्यावर माणसानं रडावं की हसावं?

किराण्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. नेल्फानं फाटकाला कुलूप लावलं आणि गेली. दुकानदारीण बाई अंडी मोजत होती, म्हणून नेल्फा बाकावर टेकली. वारा जरा बरा होता. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी दार हलवत नव्हतं. तिचे डोळे कधी मिटले ते तिला कळलंच नाही. दुकानदारणीनं अंडी शेजारी ठेवली आणि तिला उठवलं नाही. शहाणी बाई, पण त्या दिवशी हाच शहाणपणा नेल्फाला महागात पडला.

ती दचकून उठली ती थेट पळतच घरी आली. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह वाजून थांबला होता. चाळलेला मैदा सिंकमध्ये, पाण्यात लगदा होऊन. आणि नानाय भांड्याचं झाकण काढून, चमच्यानं ढवळत, तोंडावर वाफ घेत उभी.

"कोण गं ती वेंधळी? कोको दूध केलं आणि तांदूळच टाकायला विसरली," नानाय म्हणाली. "मी टाकले. चिकट तांदूळ."

भांड्यात चंपोरादो रटरटत होता, चॉकलेटातला गुरगुट्या भात. शाळेच्या फाटकाबाहेर नानाय आयुष्यभर तोच विकायची. भाताच्या भांड्यात कोको म्हटल्यावर तिच्या लेखी दुसरं काय असणार? केक कुणाच्या बापानं पाहिलाय भाताच्या भांड्यात!

नेल्फाच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. "माझा केक होता तो!" ती ओरडली. आजवर ती सासूवर कधी अशी ओरडली नव्हती. "एवढं एक काम नीट होऊ देऊ नका! एक!" नानायनं चमचा छातीशी धरला आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्याकडे बघून नेल्फाला स्वतःचीच किळस आली.

पण त्याच वेळी, खोटं कशाला बोला, मनात एक विचारही आला. आता मानांग बघेल. वाढदिवसाच्या केकचा भात झालेला, सिंकमध्ये मैदा, किटलीत अंडी. आता तरी तिला पटेल. फाटक वाजलं तेव्हा नेल्फा मुद्दाम काहीही न आवरता बाजूला झाली.

अर्लीन आत आली आणि दारातच थबकली. तिनं वास घेतला. लगेच वाटी काढली, भरली, वरून दूध सोडलं आणि उभ्याउभ्याच पहिला घास घेतला. मग खुर्चीत बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

"तोच! तोच आहे गं! शाळेच्या फाटकाशी मिळायचा तोच!" तिनं नाक पुसलं. "आणि तू म्हणतेस ती सगळं विसरली? नेल्फा, जी बाई असा चंपोरादो करते तिला वृद्धाश्रमात? नाही. नाही जमायचं. तिची जागा इथेच, तिच्या स्वयंपाकघरात. मी रोदेलला कळवते."

झालं! करायला गेली काय आणि झालं काय. नेल्फानंही एक चमचा चाखला. आणि मेला चांगला झाला होता! इतका चांगला, की तिला कुणावर चिडायची सोयच उरली नाही. तिनं चमचा खाली ठेवला. सिंककडे, किटलीकडे बोट दाखवावं, इंदायबद्दल सांगावं, सगळं सगळं बाहेर काढावं असं तिला वाटलं. पण तेवढंही अंगात त्राण नव्हतं.

"मानांग," ती म्हणाली, "मी दमलेय."

"अगं, हो, आज धावपळ झाली ना..."

"आज नाही. मी खूप दिवसांची दमलेय. नानाय बरी आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मी दमलेय. आत्ता दुकानाच्या बाकावर बसल्या बसल्या झोपले मी, घरात तिला एकटीला टाकून. मघाशी मी तिच्यावर ओरडले. उद्या हात उचलेन, मानांग. मला माझीच भीती वाटते."

अर्लीनच्या हातातला चमचा तसाच राहिला. बोलली ती नानाय. ती भिंतीपासून हळूहळू पुढं आली, नेल्फाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इंदाय, जा, पाठ टेक जरा. पोरगी मरमर मरते दिवसभर." मग अर्लीनकडे वळून, जरा जपून, नव्या माणसाशी बोलावं तसं ती म्हणाली, "बाई, तुमचं खाऊन झालं असेल तर भांडी घासून टाका. पहिलाच दिवस ना तुमचा? साबण तिथं आहे."

अर्लीन हसली. मग तिचं हसू थांबलं. "नानाय, मी. अगं, मी."

"तुम्ही कोण?" नानायनं आदबीनं विचारलं. "नाव काय तुमचं?"

"अर्लीन."

"अगंबाई! माझ्या मुलीचंही हेच नाव." नानायचा चेहरा उजळला. "ती परदेशात असते. म्हाताऱ्या माणसांना सांभाळते तिकडे. फार मायेनं सांभाळते म्हणे."

अर्लीननं वाटी बाजूला सारली. मग उठली, बाह्या वर केल्या आणि सिंकमधला मैदा हातानं काढायला लागली.

"नेल्फा," मागं न बघता ती म्हणाली, "जा तू. झोप."

"पण दुपारी लोक..."

"मी बघते लोकांचं. आणि रविवारी नन्सकडे मी येते तुझ्याबरोबर. जा."

नेल्फानं कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. खोलीत जाऊन पलंगावर पडली, चपलांसकट. स्वयंपाकघरातून नानायचा आवाज येत होता, "अशी नाही गं इंदाय, खालून घास, कोको चिकटतो," आणि अर्लीनचा, "हो, घासते." पुढचं नेल्फाला ऐकू आलं नाही. तिला झोप लागली होती.