कापलेल्या कडा

भिकाजीने कापलेल्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवावं, करवतीसारखा खरखरीत दाता म्हणून कुठे लागायचा नाही. आखातातल्या अल खौदला विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याला चोवीस वर्षं झाली होती. प्रबंध घेऊन आलेली मुलं मालकाला सोडून त्यालाच विचारत, "काका, तुम्हीच करणार ना?" काळी कड, पंचचं भोक, चहाचा डाग, कुणी पेनाने मारलेली रेघ, यातलं काही त्याच्या प्रतीत उतरत नसे. लांज्याला त्याचे वडील सुतार होते. त्यांचा रंध्यावरचा हात आपल्याला कागदात आला, असं तो कधीतरी लाजत सांगायचा. एरवी स्वतःबद्दल बोलायची त्याला सवय नव्हती.

सुरैयाबाई त्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे दोघांचं मराठीत चाले. मुलीकडे राहून त्या जुन्या ग्रीक भाषेचा अभ्यास करत. कुठे नोकरी नाही, कुणी शिष्य नाही.

"ग्रीक वाचून काय मिळतं हे मला चाळीस वर्षांत घरच्यांना पटवता आलं नाही," त्या म्हणायच्या. "तुम्ही विचारत नाही, म्हणून तुमच्याकडे यायला बरं वाटतं."

यंदा जावयाची नोकरी गेली. महिनाअखेर सगळे परत निघणार होते. तेव्हा बाईंनी चार खोकी आणली. आत एका ग्रीक हस्तलिखिताचे फोटो होते, साडेसातशे पानांचे. बाईंच्या सरांनी पन्नास वर्षांपूर्वी दूरच्या एका मठात मुक्काम करून काढलेले. कागद जाड, पण पिवळा पडलेला, कडेने फाटलेला.

"मिरजेच्या पावसात हे टिकायचे नाहीत. सगळे स्कॅन करून द्या," बाई म्हणाल्या.

"असे करतो बाई, की बघत राहाल."

"ते काय सांगायला पाहिजे?"

पहिल्या पाच पानांतच फाटक्या कडेमुळे मशीन दोनदा अडकलं. भिकाजीने मग नेहमीचंच केलं. गठ्ठा ठोकून सारखा केला, कटरखाली धरला आणि चारी बाजूंनी दोन-दोन बोटं उडवली. कडेला बारीक गिचमिड होती, कुठे गडद, कुठे फिकी, कुठे तिरकी. शाळेच्या पुस्तकावर मुलं करतात तशी. मधला मजकूर मात्र एकसारखा, देखणा. त्यातल्या एकाही अक्षराला त्याने धक्का लागू दिला नाही. आठ दिवस तो जेवणाच्या सुट्टीतही मशीनपुढे बसला.

बुधवारी बाई आल्या. त्याने हौसेने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. बाईंनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभर वीस-पंचवीस पुढे नेली.

"भिकाजी, कडा कुठायत?"

"कापल्या की. सगळी घाण होती, बाई."

बाई स्टुलावर बसल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर भिकाजीला सोपं गेलं असतं.

"मधलं पुस्तक छापलेलं आहे हो. कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात मिळतं. मी तीस वर्षं कडाच वाचत होते. शेकडो वर्षांत ज्यांनी ज्यांनी ते वाचलं, त्यांनी तिथे लिहून ठेवलं होतं. एकाने लिहिलं होतं, हे मला समजलं नाही. त्याच्या खाली, दोनशे वर्षांनी, दुसऱ्याने: मलाही नाही."

"वहीत उतरवून घेतलं असेल ना तुम्ही?"

"पहिली दोनशे पानं."

"मग मठातून परत फोटो मागवू. मी सांगतो मालकाला, मी..."

"फोटो काढल्यावर मठाने पुस्तकाची नवी बांधणी करून घेतली. कडा झिजल्या होत्या. बाइंडरने कापून सारख्या केल्या." बाईंनी कटरकडे पाहिलं. "तोही चांगला कारागीर असणार."

दुकानात कापलेल्या पट्ट्यांची पोती ड्रायव्हर लहू बरका गावातल्या एका कोंबड्यांच्या शेडवर टाकायचा, पिल्लांखाली पसरायला. शुक्रवारी भिकाजी त्याच्या गाडीत बसला.

"काका, सुट्टीच्या दिवशी कोंबड्यांत काय नवस फेडताय?" लहू हसला. भिकाजीने त्याला पट्ट्या परत शोधायच्या आहेत असं सांगितलं. तेव्हा लहू म्हणाला, "ह्या वेळच्या पट्ट्या चकचकीत होत्या. पाणीच शोषत नव्हत्या. शेडवाल्याने मला शिव्या घातल्या आणि सगळ्या जाळल्या. खलास."

तरी भिकाजीने राखेचा खड्डा उपसला, शेडच्या कोपऱ्यातली घाण हाताने चाळली. सतरा पट्ट्या मिळाल्या. खोलीवर त्याने त्या धुतल्या, वाळवल्या, स्वच्छ पुठ्ठ्यांवर ओळीत मांडल्या. चिकटवायला मात्र त्याचा हात होईना.

निघायच्या दिवशी तो बाईंच्या घरी गेला. भिंती रिकाम्या, बॅगा दाराशी. बाईंनी चष्मा लावला आणि एक पट्टी उचलली.

"ही स्पष्ट आहे बघा," भिकाजी घाईने म्हणाला. "काय लिहिलंय?"

"लिहिलंय, इथे नीट लक्ष द्या."

"इथे म्हणजे कुठे?"

बाईंनी कापलेल्या फोटोंचं एक खोकं उघडलं. पट्टी एका पानाला लावून पाहिली, मग दुसऱ्या, मग दहाव्या. ती प्रत्येक पानाला तितकीच चपखल बसत होती. जुळवायला कुठे वाकडी रेघ नव्हती, अर्धं तुटलेलं अक्षर नव्हतं. बाईंनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कुठे दाता नाही," त्या म्हणाल्या.

खाली टॅक्सीने हॉर्न दिला. भिकाजी त्यांच्या बॅगा उचलायला उठला.