लिफ्टमिस्त्रीचा कॉम्प्युटर

मिस्त्रींच्या घरात गेमिंगचा कॉम्प्युटर आला तो बायकोच्या पायी, आणि हे अगदी शब्दशः. एका दवाखान्यात पडदे लावताना ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून घसरली आणि डावा घोटा मोडून बसली. पडदे शिवून, जागेवर नेऊन लावून देणं हा तिचा वीस वर्षांचा धंदा. त्या वीस वर्षांत ती कधी पडली नव्हती. मिस्त्री लिफ्टच्या देखभालीचं काम करायचे, शहरातल्या चाळीसएक इमारती त्यांच्या हाताखालच्या. पण स्वतःचं घर मात्र तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. त्यावरून ओळखीपाळखीचे लोक त्यांची जी काही थट्टा करायचे ती त्यांना पाठ झाली होती. प्लास्टर घातलेला पाय घेऊन तीन मजले चढणं शक्य नव्हतं, म्हणून सहा आठवडे बायको तिच्या थोरल्या बहिणीकडे तळमजल्यावर राहिली.

बहिणीच्या नवऱ्याला मोटार शर्यतीच्या गेमचा नाद. टेबलाला स्टिअरिंग लावलेलं, खाली पेडल. पहिल्या आठवड्यात बायकोनं नुसतं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "भावजी, मी बघू का जरा?" डावा पाय स्टुलावर, उजवा मोकळा, ऑटोमॅटिक गाडीला तेवढं पुरतं. तिसऱ्या आठवड्यापासून भावजींना स्वतःच्या खुर्चीत बसायला मिळेना. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी नवं मागवून आपलं जुनं स्टिअरिंग आणि पेडल पिशवीत घालून मेहुणीच्या हातात दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"अहो," घरी आल्यावर तिनं पिशवी टेबलावर ठेवली, "याला जोडायला कॉम्प्युटर लागतो."

"आपला आहे की."

आपला होता तो पडद्यांच्या कापडांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवण्यापुरता. त्यावर गेम सुरू केला तर गाडी एका जागी दिसायची, मग थोड्या वेळानं दुसऱ्या जागी. बायको हात जोडून म्हणाली, "ही गाडी नाही, फोटोंचा अल्बम आहे."

तयार कॉम्प्युटर घेऊ असं तीच म्हणाली. ते मिस्त्रींना पटेना. "तयार म्हणजे आत काय घातलंय कोण बघणार? बाहेर रंगीत दिवे लावले की झालं?" ज्या माणसानं घरातली इस्त्रीसुद्धा आधी उघडून बघितल्याशिवाय वापरली नव्हती, त्याच्याकडून दुसरं काय ऐकायला मिळणार? पंधरा दिवस ते कामावरून तीन वाजता आले की चहा घेऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. कुठला मदरबोर्ड कशाला चालतो, कुठल्या कॅबिनेटमध्ये हवा कुठून शिरते आणि कुठून निघते. वहीची चार पानं भरली.

सुट्टीच्या दिवशी दोघं दुकानात गेली. दुकान चिंचोळं, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. दुकानदारीण पंचेचाळिशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि तोच शोधत असलेली. मिस्त्रींची वही तिनं शांतपणे वाचली.

"पॉवर सप्लाय फार मोठा लिहिलाय, काका."

"राहू दे. ओढून ताणून चालणारी मोटर मला आवडत नाही."

"बरं. आणि एवढं महागाचं ग्राफिक्स कार्ड कशाला?" मग ती बायकोकडे वळली. "ताई, खेळणार तुम्ही ना? शर्यतीत गाड्या किती असतात?"

"वीस."

"मग कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि प्रोसेसर वरचा घ्या. कार्ड नुसतं चित्र काढतं. वीस गाड्या कुठं वळल्या, कुणाचं चाक घसरलं, कोण कुणाला घासलं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो." तिनं फळीवरून एक लहानसं खोकं काढलं. "हा घ्या. याला कुलूप नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. थोडा जास्त वेग, थोडा जास्त व्होल्टेज. गरम होतो, म्हणून कूलर चांगला लागतो."

मिस्त्रींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "कंपनीनं आकडा लिहिलाय तो काय शोभेला?"

"काका, तुमच्या लिफ्टमध्ये नववा माणूस चढला तर दोर तुटतो का?"

"तुटत नाही. पण नववा मी चढू देत नाही."

दुकानदारीण खळखळून हसली. बायको हसली नाही. तिनं ते खोकं उचलून सामानात ठेवलं, आणि मिस्त्रींनी कूलर मात्र दुकानातला सगळ्यात जड निवडला. कुलूप नाही म्हणून दार उघडायलाच पाहिजे असं थोडंच आहे, असं म्हणत त्यांनी स्वतःची समजूत घातली.

जोडणी झाली ती बायकोच्या कापड बेतायच्या टेबलावर. घरात तेवढं मोठं, सपाट आणि उजेडातलं दुसरं काही नव्हतं. तिनं अर्धवट बेतलेला पडदा गुंडाळून ठेवला, टाचण्यांची डबी रिकामी करून स्क्रूंसाठी दिली आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. मिस्त्रींनी आधी लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली वीज उतरवली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला, दांडी दाबली. रॅमच्या पट्ट्या खट् खट् बसल्या. मग वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, उष्णता कूलरकडे नेणारा लेप, त्यावर तो जडशीळ कूलर, चार कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळत. वायरी त्यांनी कॅबिनेटच्या पाठीमागून अशा बांधल्या की बायकोच्या तोंडून "शिलाई चांगली आहे" अशी दाद निघाली. तिच्याकडून ही मोठीच पावती.

बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटरचा पडदा उजळला. आणि पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसलं, पंच्याण्णव अंश. अजून काही चालवलेलंही नव्हतं.

मिस्त्रींनी झटकन बंद केलं. पुन्हा सगळ्या जोडण्या तपासल्या, पंख्याची वायर काढून परत घातली. पुन्हा पंच्याण्णव. तिसऱ्या खेपेला त्यांच्या कपाळावर घाम आला. पस्तीस वर्षांत आपल्या हातून असं झालं नव्हतं, असं ते पुटपुटत होते. बायको कूलरबरोबर आलेला माहितीचा कागद चाळत होती.

"अहो, ते प्लास्टिक काढलंत का?"

"कसलं प्लास्टिक?"

"यात चित्र आहे बघा. कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो सोलायचा."

मिस्त्रींनी स्क्रू काढले, कूलर उलटा केला. पेस्टनं माखलेला पापुद्रा तिथं मजेत चिकटून बसला होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत, बसवण्याआधी काढा, असंही लिहिलेलं होतं. तो माणूस एवढा ओशाळला की बायकोनं दया येऊन काही बोलायचं टाळलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत टाळलं. मग बहिणीला फोन लावून सगळं साग्रसंगीत सांगितलं.

पापुद्रा निघाला, तापमान पस्तिसावर आलं, मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. गाडी पळायला लागली. बायको रोज दुपारी शिलाई मशीनवर झाकण घातलं की स्टिअरिंगवर बसायची, ओठ घट्ट मिटून, अवघड कापडाला नेफा घालताना मिटायची तसे. एकच खोट होती. शर्यत सुरू होऊन वीसच्या वीस गाड्या पहिल्या वळणावर एकत्र आल्या की चित्र अर्धा क्षण अडकायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी तिला मागून ठोकायचं.

"मी ब्रेक दाबते आणि गाडीला ते नंतर कळतं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी शोध घेतला. रॅम तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा हळू चालत होती. सेटिंगमध्ये एक पर्याय चालू करायचा असतो, तो राहिला होता. तो केला, थोडा फरक पडला, पण वळणावरचा अडखळा गेला नाही. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावून घेतले आणि बायको खेळत असताना मागं उभं राहून पाहिलं. ग्राफिक्स कार्ड निम्म्या ताकदीवर निवांत होतं. प्रोसेसरची मात्र दमछाक होत होती. पाणी इथंच मुरत होतं.

आता उपाय एकच, आणि तोच करायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं. चार दिवस त्यांनी सेटिंगला हात लावला नाही. पाचव्या दिवशी एका नव्या इमारतीत लिफ्टची चाचणी होती. रिकाम्या लिफ्टमध्ये लोखंडी वजनं रचली, लिहिलेल्या भाराच्या सव्वापट. वर नेली, खाली आणली, ब्रेक मारून मध्येच थांबवली. दरवर्षी दहा वेळा करायचं काम. पण त्या दिवशी वजनं उतरवताना मिस्त्री मध्येच थबकले. आकड्यापुढे तर आपण स्वतःच नेतो की! फक्त आत माणूस नसतो, आणि नेल्यावर काय होतं ते आपण लिहून ठेवतो.

घरी येऊन त्यांनी चहाच्या आधी वही काढली.

वेगाचा आकडा सत्तेचाळीस होता, म्हणजे शंभर मेगाहर्ट्झला सत्तेचाळीसनं गुणायचं, तेवढा प्रोसेसरचा वेग. त्यांनी अठ्ठेचाळीस केला. प्रोसेसरला घाम फोडणारा एक चाचणीचा प्रोग्राम तासभर चालवला, तापमान लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकोणपन्नास, व्होल्टेज केसभर जास्त. तिसऱ्या दिवशी पन्नास. कूलरच्या पात्यांशी हात धरून ते हवेचा गरमपणा बघायचे, पंख्याच्या आवाजाला कान लावायचे. पन्नासवर वळणावरचा अडखळा पार नाहीसा झाला. बायको म्हणाली, "काय केलंत? लोण्यातून सुरी गेल्यासारखी जाते!"

इथं थांबायला हवं होतं. पण कौतुक भल्याभल्यांच्या डोक्यात जातं. सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी मिस्त्रींनी एक्कावन्न केला. अर्धा तास चाचणी झाली, ठीक दिसलं, बाकीची नंतर बघू म्हणून ते निघून गेले. बायकोला सांगितलंच नाही.

तीनच्या सुमाराला ते परतले तेव्हा ती शर्यतीत होती. वीस जणांत तिसरी. शेवटची फेरी. मिस्त्री चपला हातात घेऊन दारातच उभे राहिले. दुसऱ्या गाडीला तिनं आतल्या बाजूनं गाठलं, दोन्ही गाड्या शेजारी शेजारी आल्या, आणि पडदा निळा झाला. त्यावर, काहीतरी बिघडलं आहे, अशा अर्थाची एक ओळ.

बायकोचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"वीज गेली का?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची संधी चालून आली होती. मिस्त्री म्हणाले, "नाही. मी सकाळी एक्कावन्न केला होता. पुरता तपासला नव्हता."

ती उठली, मशीनवरचं झाकण काढलं आणि शिवायला बसली. रात्रीच्या जेवणापर्यंत घरात फक्त मशीनचा आवाज होता. मिस्त्रींना शर्यत गेल्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. न तपासलेल्या लिफ्टमध्ये आपण माणूस चढवला, तोही घरचा, हे त्यांना खात होतं. ताट पुढे ओढताना ते म्हणाले, "चूक माझी. तुला विचारल्याशिवाय आकडा हलवणार नाही."

"विचारा नाहीतर नका विचारू, सांगा तरी," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दुसरी आले असते हो मी."

"पहिली आली असतीस."

"उगाच काहीतरी. पहिला फार पुढे होता." पण तिनं वाटी त्यांच्याकडे सरकवली, तेव्हा प्रकरण मिटलं हे त्यांना समजलं.

पन्नाससुद्धा आता त्यांना नको वाटला. एकोणपन्नासवर आणून सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत चाचणी चालवली. तापमान बहात्तरच्या वर गेलं नाही. मग त्यांनी एका कार्डावर सुबक अक्षरात लिहिलं: वेग, व्होल्टेज, कमाल तापमान, चाचणीचे तास, तारीख. खाली सही केली आणि ते कार्ड कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलं. बायकोनं चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं आणि शेजारी आपलीही सही ठोकली. "चालवणार मी आहे," एवढंच म्हणाली.

एकोणपन्नासवर ती पहिलं वळण न अडखळता घेते. रविवारी दुपारी बहिणीच्या घरची मंडळी तिकडून, ही इकडून, अशी शर्यत असते. भावजी हरले की स्टिअरिंग जुनं असूनही ही जिंकते कशी म्हणून कुरकुरतात, आणि थोरली मागून त्यांना गप्प बसवते. एकदा दुकानदारीण मुद्दाम बघायला आली, कॅबिनेटचं झाकण काढून वायरींचे फोटो काढून घेऊन गेली, आणि जाताना आपला चष्मा टेबलावर विसरली.

गेल्या रविवारी बायकोनं मिस्त्रींनाच खुर्चीत बसवलं. "एवढा बांधलात, एकदा चालवून तर बघा." त्यांनी सीट सारखी केली, आरसे तपासले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि शर्यतीच्या रस्त्यावरून ताशी चाळीसच्या वेगानं निघाले. एकोणीस गाड्या भुर्रकन पुढे गेल्या. फेरी संपायच्या आत त्या पुन्हा मागून आल्या. मिस्त्रींनी प्रत्येकीला इंडिकेटर देऊन बाजू दिली. शेजारच्या स्टुलावर बायको हसून हसून वाकली होती, आणि ते मात्र पुढच्या वळणाकडे नजर लावून, अगदी समाधानानं, गाडी चालवत होते.