कानबाईच्या रोटाची एक मूठ

देवाकडे काही मागायची मला सवय राहिली नव्हती. पतीच्या आजारपणात खूप मागून झालं होतं. ते गेले आणि मी मागणं थांबवलं. भांडण नव्हतं, बोलणं बंद होतं, इतकंच. मूलबाळ नव्हतं. सासरची कानबाई देवी धुळ्याला दिरांच्या घरी बसते. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसवतात आणि तिच्या नैवेद्याचे रोट करतात. घरात जितके पुरुष, तितक्या मुठी गहू त्या रोटांसाठी घ्यायचे आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, अशी रीत. पती होते तोवर त्यांची मूठ पडायची आणि त्या मुठीतच माझंही नाव आहे असं मी धरून चालायचे. ते गेल्यावर मूठ थांबली, पुढे बोलावणंही थांबलं. कोणी वाईट वागलं नाही. मी मोजणीतून राहून गेले, एवढंच. त्यानंतर मी जळगावला पिंप्राळ्यात एक खोली घेतली आणि बायकांना छोट्या उद्योगासाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेत काम धरलं.

काम मला मानवलं. गावोगाव एस.टी.ने जायचं, बायकांचे गट बांधायचे, कोणाला म्हैस, कोणाला शिलाई मशीन घेऊन द्यायचं आणि ती बाई स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तिच्या मागे लागायचं. लोक मला कडक म्हणत. असेनही. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना आत कोणी नाही हे माहीत असायचं, तरी मी क्षणभर थांबायचे. ती खोड अजूनही आहे.

भडगावच्या पुढे गिरणा नदीकाठच्या एका गावात सिंधू नावाची विधवा होती. एक लहान मुलगी, भावाच्या शेतात राबणं आणि भावजयीचं ऐकून घेणं, असा तिचा संसार. तिला पिठाची गिरणी घेऊन द्यायची, हे माझंच डोकं. गटातल्या बायकांनी तिच्यासाठी हमी घेतली. मोटर चालू करण्यापासून गिऱ्हाइकाशी ताठ मानेनं बोलण्यापर्यंत सगळं मी तिला शिकवलं. पीठ उत्तम निघायचं. पण दळण यायचंच नाही. कारण कळायला मला फार वेळ लागला. त्या गावात ज्या गिरणीत रोटांचं दळण जातं, त्याच गिरणीत घरोघरचं वर्षाचं दळण जातं. आणि रोटांचे गहू विधवेच्या गिरणीत कोण टाकणार? स्टँडजवळ दुसरी गिरणी होतीच. हप्ते थकले. गटातल्या बायका बिचाऱ्या स्वतःच पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या. त्या म्हणाल्या, रोटांपर्यंत वाट पाहू, नाहीतर मशीन विकून टाकू. मशीन गेलं की सिंधू पुन्हा भावाच्या शेतात जाणार होती.

कानबाईच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं पोचले. सिंधूनं गिरणी धुऊन पुसून लख्ख केली होती. दगडांना छिन्नीनं टाकी लावून घेतली होती, दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं. समोरून बायका डोक्यावर गव्हाची गाठोडी घेऊन स्टँडकडे जात होत्या. आमच्या दाराशी आल्या की चाल वाढवत होत्या. समोरच्या घरची जनाअक्का तेवढी थांबली. म्हणाली, “पीठ ते मस्त शे व तुनं, सिंधू. पन रोटनं काम शे. घरमा ऐकनारी मी एकली नही ना.” तिच्या आवाजात लाज होती, म्हणून मला रागही धड येईना.

दुपार झाली. मी उंबऱ्यावर बसून होते. सिंधू म्हणाली, “ताई, पीठ उडालं असतं तर केस पांढरे झाल्याचा दोष गिरणीला दिला असता. आता कोणाला द्यायचा?” आम्ही दोघी हसलो. मग ती आत वळली आणि पुसलेलीच मोटर पुन्हा पुसू लागली. तिच्या पाठीकडे पाहताना मला वाटलं, आपण हिला वर काढतो म्हणालो आणि आपल्याच शेजारी एकटं आणून बसवलं. कितीतरी वर्षांनी मी मनात म्हटलं, कानबाई, तू असशील तर बघ. माझ्या हातचं संपलं.

नदीच्या बाजूनं एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, डोक्यावर गाठोडं. दारात उभी राहून तिनं विचारलं, “दळन व्हई का व माय?”

मी सिंधूला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. पण ती म्हणाली, “व्हई. पन माय, मी विधवा शे. रोटनं दळन व्हई ते तठे स्टँडजोडे दुसरी गिरनी शे.”

“मी तुले ते इचारं का?” म्हातारी खेकसली. “दळन व्हई का, ते इचारं.”

तिनं गाठोडं सोडलं. गहू सोन्यासारखे होते. मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, “तुना घरमा मानसं कितला?”

“कोणी नाही. मी एकटीच.”

“मंग तुनी मूठ कोन टाकस?”

“कोणी नाही टाकत.”

तिनं माझा हात ओढला, त्यात गहू भरले आणि म्हणाली, “मंग तू टाक.” सिंधूकडे पाहून म्हणाली, “तू काय देखी ऱ्हायनी? तू बी टाक. पोरनीबी टाक.” मी मूठ गिरणीच्या तोंडावर धरली. उघडायला बोटं तयार होईनात. मग उघडली. सिंधूनं खटका दाबला.

गिरणीचा आवाज गावभर गेला असावा. जनाअक्का आपल्या दारात आली. म्हातारीचं पीठ निघत असताना ती आत गेली आणि सुनेच्या डोक्यावर गाठोडं देऊन परत आली. म्हणाली, “तठे रांग भलती मोठी शे.” तिच्यामागून आणखी बायका आल्या. दिवेलागणीपर्यंत सिंधूला मान वर करायला सवड मिळाली नाही. तिची मुलगी पिठानं पांढरी होऊन नाचत होती. मशीन विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढे सिंधूनं सगळं कर्ज फेडलं.

या गडबडीत म्हातारी निघून गेली. कोणाकडची म्हणून विचारलं, तर गावात कोणी ओळखेना. सिंधूला ती एवढंच बोलली होती, “पल्याडनी शे.” सकाळपासून नदी ओलांडायच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. पूल बराच दूर होता. पुलावरून आली असेल. स्टँडजवळ रांगही खरंच मोठी असेल. मी हिशेबी बाई आहे, हे सगळं मांडून पाहिलं आहे. आता मांडत नाही. माझं संपलं असं म्हटल्यावर जे आलं, ते हात पुढे करून घ्यायचं, एवढं मला त्या दिवसानं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पिंप्राळ्यात खोलीवर होते. शेजारच्या घरांतून कानबाईची गाणी ऐकू येत होती. मला बोलावणं नव्हतं. मी एकटीचा भात टाकला आणि देवापुढे दिवा लावला. कितीतरी वर्षांनी लावला. गिरणेपलीकडे कुठल्याशा घरात त्या वेळी रोट भाजले जात असतील. ते मी कधी खाणार नव्हते. पण त्यात माझी मूठ होती.