हात धरून गिरवायची वेलांटी

कुसुमच्या आईनं माझ्या वर्गाच्या दारातच पोरीचा हात धुतला.

आधी राख चोळली. मग तांब्यातलं पाणी ओतलं, पार कोपरापर्यंत. पोर पहिलीतली. पाटीवरची पेन्सिल अजून तिच्या मुठीत होती, ती हिसकून आईनं बाहेर भिरकावली. सगळा वर्ग बघत होता. मी खडू हातात घेऊन उभी. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. हेडमास्तर धावत आले, त्यांना म्हणाली, "मास्तर, तुमच्या बाईले सांगा. शिकवाचं तं तोंडानं शिकव म्हना. आमच्या पोरीले हात लावाचं काम नाही."

राखेचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. सारवलेल्या जमिनीवर मी खडूनं मोठी 'की' काढली होती. ती पुसली गेली.

माझा गुन्हा एवढाच, की आदल्या दिवशी मी कुसुमचा हात धरून तिच्याकडून दुसरी वेलांटी गिरवून घेतली होती. पोरीनं घरी जाऊन ते कौतुकानं सांगितलं.

जानेफळहून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की ते गाव. जिल्हा नव्या राज्यात आला त्याला फार वर्षं झाली नव्हती. आम्ही बौद्ध झालो त्यालाही नाही. नवं राज्य, नवा धर्म, नवी नोकरी. गावाच्या लेखी मी मात्र जुनीच होते.

वेलांट्या दोन. पहिलीचा दांडा अक्षराच्या आधी, दुसरीचा नंतर. बोलताना दोन्ही सारख्याच. आमच्याकडे बोलताना ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतो? कानाला कळत नाही, म्हणून हातालाच वळण लावावं लागतं. मुलाची मूठ आपल्या मुठीत घ्यायची. दांडा ओढायचा, अक्षराच्या डोक्यावरून वळवायचं. पुन्हा. पुन्हा. मग केव्हातरी तो हात आपणहून वळतो. ते आपल्या तळव्याला आधी कळतं. मास्तरकीतलं एवढं एकच सुख मला ठाऊक होतं.

लहानपणी माझा हात असा कोणी धरला नव्हता. गुरुजी माझी पाटी काठीनं सरकवायचे. अक्षर चुकलं तर काठीच्याच टोकानं दाखवायचे. बाकीच्या पोरांना मांडीवर घेऊन गिरवून घ्यायचे, ते मी पडवीतून बघायची. वेलांटी मी चुलीपुढच्या राखेत एकटीनं गिरवली. बाई झाले तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, माझ्या वर्गात एकेका पोराचा हात धरायचा. कोणालाही सोडायचं नाही.

हेडमास्तर संध्याकाळी म्हणाले, "तुमचं खरं हाये बाई. पन आपल्याले गावात राहाचं हाये न. फळ्यावर काढून द्या. लांबून शिकवा."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? कोणाशी बोलणार? वस्तीतली आमची माणसं दिवसभर मजुरीला. मला बघितलं की खाटेवरून उठून उभी राहायची, बाई म्हणायची, पण जवळ बसत नव्हती. शाळेत हेडमास्तर पडवीत डबा उघडायचे. मी वर्गात. भाकरी चावल्याचा आवाज मला मोठा वाटायचा.

मी फळ्यावर छडीनं दाखवत शिकवू लागले. माझ्याच हातात गुरुजींची काठी आली होती. पोरं फळ्याकडे बघायची आणि दांडा भलतीकडे काढायची. मग सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं चिंचोके धुऊन फडक्यात बांधून दिले. खडूच्या अक्षरावर पोरं चिंचोके मांडायची. रमली होती. दोन दिवसांनी चिंचोके शाळेमागच्या नालीत सापडले.

"लोक इचारत होते, कोनाच्या घरचे म्हून," हेडमास्तर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी नालीत उतरून ते वेचले. त्या दिवशी मला आईची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली. आईनं प्रेमानं धुऊन दिलेले चिंचोके मी मुकाट्यानं वेचत होते.

पुढच्या आठवड्यात वस्तीतली शेवंता शाळेत आली. हेडमास्तर तिला स्वतः वर्गात घेऊन आले. हसून म्हणाले, "घ्या बाई. इचा हात धरा खुशाल. ही तुमचीच हाये."

भला माणूस होता. उपकार केल्यासारखा बोलला, आणि तिथंच माझ्या आत काहीतरी तुटलं. मला शिकवायला वर्ग दिलाच नव्हता. मोठ्या वर्गात एक आमचा कोपरा दिला होता, आणि त्याबद्दल मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती.

मी शेवंताचा हात धरला. 'की' गिरवली. तिचा हात वळला, आणि मागून कुसुमचा आवाज आला.

"बाई, माह्यानं वळून नाही राह्यलं. माहाबी हात धरा ना."

हेडमास्तर दारातच होते. त्यांनी मान हलवली. नको म्हणून.

मी छडी कोनाड्यात ठेवली. कुसुमपाशी बसले. तिची मूठ माझ्या मुठीत घेतली. दांडा ओढला, वळवलं. पुन्हा.

शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी कोरा कागद पुढं केला. "बदलीचा अर्ज देऊन टाका. मी सही करतो. इज्जतीनं जासाल."

"मी अर्ज देनार नाही," मी म्हणाले. "ज्याले मले काहाडाचं, त्यानं सोताच्या हातानं लिहावं. काऊन काहाडलं तेबी लिहावं."

दुसऱ्या दिवशी वर्ग जवळजवळ रिकामा. कुसुम नाही. शेवंता आणि वस्तीतली दोन पोरं. त्यांनाच मी दिवसभर शिकवलं. खोलीवर आले आणि रडले, पोटभर. कोणी विचारणारं नव्हतं, म्हणून डोळे पुसायचीही घाई नव्हती.

सकाळी लवकर शाळेत गेले. जमीन सारवली. वाळल्यावर खडूनं 'की' काढली, आधीपेक्षा मोठी, आणि दार सताड उघडं ठेवलं.

कुसुम आली तर तिचा हात धरीन. तिची आई तांब्या घेऊन दारात उभी असेल तर तिच्या देखत धरीन. तिनं धुवावा, मी पुन्हा धरीन. काठीनं मी शिकले. काठीनं मी शिकवणार नाही.