मामांच्या खोकल्याची चौकशी

जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरचा सुटा भाग मिळवायचा, तर कुणालातरी मरावं लागतं. मिस्त्रींना या बंदूक-दुरुस्तीच्या धंद्यातली एवढी एकच गोष्ट शिसारी आणायची. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, नवा भाग येणार कुठून? मग कुणी म्हातारा परवानेवाला गेला, की त्याची मुलं डोळे पुसत दुकानात यायची आणि ते जड धूड काउंटरवर ठेवून विचारायची, याचं काय येईल? मिस्त्री रीतसर कागद करून ते मोडीत काढायचे आणि कामाचे भाग डब्यात जपून ठेवायचे.

गावातल्या एका कंत्राटदाराचं रिव्हॉल्व्हर असंच अडलं. घोडा ओढला की गोळ्यांचं चक्र पुढे ढकलणारा नखाएवढा पोलादी पंजा असतो, तो पार झिजला होता. या गृहस्थाने जन्मात एक गोळी झाडलेली नव्हती. पाहुण्यांसमोर चक्र फिरवून मिरवण्याची हौस तेवढी दांडगी, त्या हौसेतच पंजा गेला. डब्यात तसला दुसरा नव्हता.

"अगदी असंच रिव्हॉल्व्हर आणखी कुणाकडे आहे का हो?" त्याने विचारलं.

"आमच्या मामांकडे आहे," मिस्त्री बोलून गेले. "पण ते अजून आहेत."

मामांनीच हे दुकान काढलं होतं, मिस्त्रींच्या हातात पहिली कानस त्यांनीच दिली होती. आता गुडघे गेलेले, छाती कफाने भरलेली. दुकानावरच्या खोलीत पडून असायचे.

पुढच्याच आठवड्यात कंत्राटदार सफरचंदं घेऊन हजर. "म्हटलं, मामांना जरा भेटावं." मग दर आठवड्याला येऊ लागला. वर तासभर बसायचा आणि खाली उतरला की मिस्त्रींच्या कानाशी लागायचा. "खोकला वाढलाय म्हणे? डॉक्टर काय म्हणतात?" आवाजात काळजी, डोळ्यांत आशा. आज बरं आहे म्हटलं, की चेहरा पडायचा. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर त्याने कहरच केला. "मिस्त्री, पंजा आत्ताच काढून घेतला तर? त्यांना कुठे कळणार आहे?"

त्या दिवशी मिस्त्रींना घास गेला नाही. माणूस जितेपणी वाटून घ्यायला निघाला होता हा लोचट. त्याचं जिना चढणं बंद करायचं, तर एकच उपाय होता. मिस्त्री हात धुऊन पंजाच्या मागे लागले. ओळखीपाळखीच्या सगळ्या दुकानदारांना फोन केले. बंद पडलेल्या दुकानांची खोकी उपसली, उंदरांच्या लेंड्यांत कोपरापर्यंत हात घातले. शेवटी परगावच्या एका निवृत्त कारागिराकडे, गंजक्या स्क्रूंच्या डब्यात तो सापडला.

पंजा बसवला. कंत्राटदाराने चक्र फिरवून पाहिलं, खूश झाला आणि जिन्याकडे न बघता चालता झाला. तो टेकला होता तो काउंटर मिस्त्रींनी फडक्याने खसाखसा पुसून काढला. ब्याद टळली म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

दोन आठवडे गेले. मिस्त्री ताट घेऊन वर गेले, की मामांची नजर त्यांच्यामागे दाराकडे जायची.

"तो नाही आला?"

"कामात असेल."

घरचं माणूस वर यायचं ते ताट ठेवायला आणि ताट न्यायला. मिस्त्रींना दुकानातून सवड नसायची आणि त्यांच्या बायकोला त्या कफाच्या भांड्याची किळस यायची. खोलीत एक खुर्ची होती, तीही कंत्राटदारानेच खालून आणलेली.

"मी त्याला काही लागट बोललो का रे?" मामांनी एक दिवस विचारलं.

मिस्त्रींना राहवलं नाही. "मामा, तो तुमच्यासाठी येतच नव्हता. तुमच्या रिव्हॉल्व्हरवर टपून होता. मी पंजा शोधून दिला, आता नाही येणार."



"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मामा म्हणाले. "सारखा रिव्हॉल्व्हरच्या कपाटाकडे बघायचा. म्हणून तर मी दर वेळी सांगायचो, पुढच्या आठवड्यात ये, मग त्याचं बघू." त्यांना उबळ आली, ती ओसरेपर्यंत मिस्त्री ताट धरून उभेच होते. "तू कशाला शोधून दिलास?"