खळ्यात मेलेला माणूस

मेहकरच्या अलीकडे आमचं गाव. सरस्वतीबाई तिथं वांगी-मिरच्या पिकवायची, आठवडी बाजारात विकायची. तशी अबोलच.

सहासष्टच्या टंचाईत गुलाबराव पाटलांच्या खळ्यात ज्वारी चोरताना एक परका माणूस सापडला. सात-आठ जणांनी त्याला मारलं. तो तिथंच मेला. सकाळी देवळासमोर बैठक बसली आणि ठरलं, तो विहिरीत पडून मेला असंच पोलिसांना सांगायचं.

मागे बायकांतून सरस्वतीबाई उठली. "चोर व्हता, मान्य हाय. पन त्याचा जीव घ्याचा हक आपल्याले कोनं देल्ला? पाप केलं आपन."

कुणी ओरडलं नाही. गुलाबराव तिच्या नवऱ्याला शांतपणे म्हणाले, "मोतीराम, बाईले समजाव. याच गावात राहाचं हाय तुले."

घरी आल्यावर मोतीरामनं दाराला आतून कडी घातली. "काऊन बोलली वं तू?"

"निंघून गेलं तोंडातून. मले बी भेव वाटून राह्यलं."

ती पाण्याला गेली की बायका दोर उचलून बाजूला होत. गिरणीत तिचं दळण तसंच पडून राही. पोलीस आले, पाटलांच्या ओसरीवर कागद लिहून गेले. तिच्या घराकडे वळलेच नाहीत. तिला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

पंधरा दिवसांनी मेलेल्याची बायको आली. नवरा कुठं मेला ती जागा दाखवा म्हणाली. प्रत्येकानं विहीर दाखवली. ती काठावर बसून पाण्यात बघत रडत होती. सरस्वतीबाई घागर घेऊन आली आणि थबकली. पारावरून माणसं बघत होती.

"इथं नाही, माय," ती म्हणाली. तिनं त्या बाईचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत तिला खळ्यात नेलं. "इथं मारलं त्याले."

त्या बाईनं तिथली चिमूटभर माती पदरात बांधली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सरस्वतीबाईची वांग्याची सगळी झाडं कुणी उपटून टाकलेली. मोतीरामनं नवी रोपं आणली.

त्यांनी गाव सोडलं नाही. तिच्यावर कुणी हातही उगारला नाही. पण दारातून कुणी हाक मारली, की शेवटपर्यंत ती आधी भिंतीला टेकायची, मग विचारायची, "कोन हाय?"